वामनगुरुजींचा परदेश

"किसनभाऊ, हार नंतर करा! आधी चला! मासळी संपली!"

कमरेला धोतर, कपाळाला गंध, हातात मोबाइल, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात भर रस्त्यावर वामनगुरुजी असं ओरडत माझ्या फुलांच्या दुकानाकडे येत होते. परका माणूस असता तर म्हणाला असता, गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झाला. आमच्या गल्लीला सवय होती. समोरच्या अत्तरवाल्या रहीमभाईनं मान वर न करता विचारलं, "आज कौनसे मुलुक में हो गुरुजी?"

"जपान!"

"वहाँ मच्छी खतम?"

"खतम! और दरवाजे पे लिख के भी रखा है!"

मी सुई टोपलीच्या काठाला खोचली आणि गेलो. गेलो नसतो तर ते माझ्याच पायरीवर बसून सगळं सांगत राहिले असते, आणि माझं गिऱ्हाईक हार सोडून जपान ऐकत उभं राहिलं असतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत मोठा पडदा होता, व्हिडिओ गेम खेळायचा. पडद्यावर समुद्राकाठचं गाव, बारीक भुरभुर, ओला रस्ता, आणि एक बंद दुकान. दुकानाच्या दाराला कागद चिकटवलेला. गुरुजींनी मोबाइलचा कॅमेरा त्या कागदावर धरला, आणि जपानी अक्षरांच्या जागी मराठी उमटलं. आजची मासळी संपली, उद्या या.

"बरं मग?" मी म्हणालो.

"अहो, बरं मग काय? या खेळातला माणूस चोराच्या मागावर आहे. या दुकानाशी त्याचं काही काम नाही. दार उघडत नाही, आत काही ठेवलेलं नाही. तरी बनवणाऱ्यानं तिथं कागद लावला, आणि त्यावर खरं लिहिलं! कोण वाचणार होतं? कोणासाठी लिहिलं?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "मागची, बिनकामाची पाटी खरी, म्हणजे गाव खरं. चला, आता या गावात फिरायला हरकत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं शाळेला माझी गरज राहिली नाही. आम्ही माळी. आमचा संत्र्याचा बगीचा मोर्शीकडे, तो थोरल्या भावाच्या वाट्याला. मी तरुणपणी अकोल्यात येऊन फुलं विकायला बसलो. गुरुजी पूजेची फुलं माझ्याकडूनच नेत. दोघांचंही वय झालेलं. तो खेळ शिकवतो म्हणून त्यांनी पुष्कळदा माझा हात धरला, मी नाही म्हणालो. या वयात बोटं दुसऱ्याच्या सांगण्यावरून हलवायची मला सवय नाही. मी बाजूच्या खुर्चीवर बसून पाहत असे. पाहायला मला कोणाचं शिकवणं लागत नाही.

नाव वामन, पण माणूस ताडासारखा उंच. गुडघे मात्र गेलेले. सत्यनारायण सांगायला बसत तेही खुर्चीवर, आणि यजमान खाली पाटावर. दोन्ही टाचा दुखत म्हणून डॉक्टरनं मऊ चपला दिल्या होत्या, त्या त्यांना घरातही घालाव्या लागत. मुलगा बेंगळुरूला नोकरीवर. बाप घरात बसून कुढतो म्हणून एका दिवाळीला त्यानं तो पडदा आणि खेळाचा डबा आणून लावला. तेव्हापासून गुरुजी घरात बसलेले असे कधी नसतच. "काल मी मोरोक्कोत होतो," म्हणत. "परवा एका बर्फाच्या गावी होतो, तिथं कुत्रीसुद्धा सभ्य आहेत."

बंदुकीचे खेळ त्यांना चालत नसत. "ते लोक इतक्या जोरात पळतात की गाव दिसतच नाही." माणूस परक्या मुलखात जातो, लोकांशी बोलतो, काही तरी शोधतो, असलेच खेळ ते लावत. पडद्यावरचा जवान किती का तगडा असेना, गुरुजींच्या हाती तो गुरुजींसारखाच चाले. सावकाश, दर दुकानापाशी थांबत, वर तोंड करून पाट्या वाचत.

खेळ लावला की पहिलं काम बोली बदलायचं. गाव अरबांचं तर बोली अरबी, गाव जपानचं तर जपानी. खाली इंग्रजी अक्षरं पळत, ती वाचून मला मराठीत सांगत. मी एकदा म्हणालो, सरळ इंग्रजीच लावा ना, कशाला तरास? तर माझ्यावरच आले. "भाजीवाली बाई आपल्या लेकराला इंग्रजीत रागावते, हे पटतं तुम्हाला? तुमच्या वयनी तुमच्या पुतण्यावर इंग्रजीत ओरडतील?" माझ्या वयनीला इंग्रजीत ओरडताना मी मनात आणून पाहिलं, आणि खुर्ची पडद्याकडे ओढली.

एकदा असंच अरबांचं एक शहर लागलं. मोठमोठे दरवाजे, दिवे, दुकानांवर वळणदार अक्षरांच्या पाट्या. काय सुंदर दिसत होतं! पण गुरुजींचं मन मानेना. मोबाइल धरला तर मोबाइल मुका. मग खिडकीतून हाक मारून रहीमभाईला बोलावलं. रहीमभाईनं चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं आणि हसत सुटला.

"गुरुजी, ये तो उलटा लिखा है. दाएँ से बाएँ का बाएँ से दाएँ कर दिया. और हर्फ सब टूटे हुए. हमारे यहाँ अक्षर एक दूसरे का हाथ पकड़ के चलते हैं. इनके तो सब अलग-अलग खड़े हैं, जैसे झगड़ा हुआ हो."

गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फसवला गेलेला माणूस चिडतो. हे खूश! "म्हणजे अक्षरं खरी, आणि पाटी खोटी! वा रहीमभाई!" पुढं कितीतरी दिवस ते हे ज्याला त्याला सांगत होते. यजमानानं दक्षिणा पुढं केली तरी आधी त्या पाटीची गोष्ट, मग दक्षिणा.

आणि एकदा तर आपलाच देश लागला. बाहेरच्या कोणत्या तरी मुलखातल्या लोकांनी बनवलेला खेळ. हत्ती, साप, माकडं, मसाल्याचे डोंगर. मी विचारलं, हे गाव कुठलं हो? गुरुजी म्हणाले, "कुठलंच नाही. विमानातून पाहिलेलं आहे." त्यात नायक पळत पळत एका लग्नाच्या मांडवात शिरतो. नवरा-नवरी बसलेली, भटजी मंत्र म्हणतोय. गुरुजींनी खेळ थांबवला. मागं नेला. परत ऐकला. मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"किसनभाऊ! हा लग्नात श्राद्ध लावून राहिला! नवरदेवाला बोहल्यावरच पोचवला!"

हसून झालं आणि ते कामाला लागले. त्या कंपनीला इंग्रजीत कळवलं, स्वतःच्या आवाजात लग्नाचे मंत्र भरून पाठवले. मी म्हणालो, कोण ऐकतं तुमचं तिथं? पण पुष्कळ महिन्यांनी तो खेळ आपोआप सुधारून आला. आवाज दुसऱ्याच कोणाचा, पण मंत्र लग्नाचे! मला हाक आली, मी धावलो. पाहतो तर गुरुजी देवघरातून अक्षता घेऊन आलेले, आणि उभ्यानं पडद्यावरच्या नवरा-नवरीवर टाकून राहिलेले. "टाका, टाका, तुम्हीही टाका!" मी टाकल्या. लग्न लागत असताना अक्षता न टाकणारा मी नव्हे.

एक सवय मात्र आधी सांगायला हवी होती. खेळात देऊळ आलं, मशीद आली, चर्च आलं, की गुरुजी आधी खुर्चीवर वाकून पायातल्या त्या मऊ चपला काढत. गुडघे कुरकुरत, कण्हत, पण काढत. मग बटण दाबून आत जात. बाहेर आले की परत घालत. एका खेळात देवाच्या मूर्तीच्या खांद्यावर पाय दिल्याशिवाय पुढं जाताच येईना. तर तो खेळ तिथंच सोडला. मूर्तीला नमस्कार करून आले परत. माणसांच्या घरांचं मात्र असं काही नव्हतं. पडद्यावरचा गडी कोणाच्याही घरात बुटासकट शिरे आणि गुरुजी खुशाल आपल्या चपला घालून बसलेले असत.

आणि दुसरी सवय पाण्याची. खांद्याला एक कापडी पिशवी, पिशवीत तांब्याची बाटली. कुठंही जावोत, पाणी त्यातलंच. यजमानाकडचं नाही, हॉटेलातलं नाही, माझ्याकडचं नाही. दुकानात आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात मी माठातलं पाणी पुढं केलं होतं. "नको, पोट बरं नसतं," म्हणाले. चहा घेत. पेढा घेत. पाणी नाही. मी परत विचारलं नाही. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला मी दुसऱ्यांदा पाणी विचारत नाही. एवढी मैत्री झाली, अक्षतासुद्धा सोबत टाकल्या, पण तो गिलास आमच्या दोघांच्या मध्ये तसाच राहिला. खरं पोट की आणखी काही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला काय वाटत होतं ते मला ठाऊक.

आता मोर्शीची गोष्ट.

त्या लग्नाच्या भानगडीमुळं गुरुजींचं नाव खेळवाल्या लोकांत कुठून कुठं गेलं, आणि पुण्याहून मैत्रेयी नावाच्या मुलीचा फोन आला. शिकलेली, स्वतःची छोटी कंपनी असलेली. ती एक खेळ बनवत होती. शहरातली एक पोरगी आपल्या आजोबांनी सांगितलेली जुनी बारव शोधत संत्र्याच्या मुलखात येते. मुलूख आपला, मोर्शी-वरूडकडचा! गुरुजी त्या दिवशी माझ्या दुकानात आले ते बसलेच नाहीत.

"आपलं गाव, किसनभाऊ! जगातले लोक आपल्या गावात फिरतील! पाट्या वाचतील!"

पण मैत्रेयीनं लिहून पाठवलं ते वाचलं आणि गुरुजी फोनवर तापले. त्यात गावातले सगळे शहाणे लोक पुस्तकातलं बोलत होते, आणि वऱ्हाडी बोलणारा एकच, तो खुळा. केळीच्या सालीवरून पडणारा.

"का हो बाई? वऱ्हाडी माणूस फक्त हसवायला? आमच्याकडे कोणी रडत नाही? आमच्याकडे कोणाला अक्कल नाही?"

पलीकडून ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही बरोबर आहात. मला ती बोली येत नाही. तुम्ही लिहून द्याल? पण दिवाळी झाली की अमरावतीला आवाज भरायचे आहेत. त्यानंतर बदलता येणार नाही."

गुरुजी लिहायला बसले. जगाच्या पाट्या तपासलेला माणूस, आता स्वतः पाटी लिहिणार! झोप नाही, पूजा घाईघाईनं. मग एक दिवस दुपारी मला समोर बसवून वाचून दाखवलं. बगीच्यातली म्हातारी त्या शहरी पोरीला म्हणते, "बाळे, तुले थकवा आला असंन. या झाडाच्या छायेत विश्रांती घे. मी तुले बारवेची माहिती देतो."

"कसं वाटतं?"

मी खोटं बोलत नाही. "आमच्या बाया असं बोलत नाहीत."

"असं कसं? आयुष्यभर तुमच्या लोकांत पूजा सांगितल्या मी. या कानांनी ऐकलं आहे. तुमच्या सुभद्रा वयनी वास्तुशांतीला माझ्याशी अशाच बोलल्या होत्या. शब्दन् शब्द!"

"तुमच्याशी बोलल्या."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर रुसला असता. हे खुर्चीतून अर्धे उठले, गुडघे विसरून.

"म्हणजे मी ती अरबी पाटी! अक्षरं खरी आणि पाटी खोटी! अहो, जपान तपासून राहिलो मी, आणि मोर्शी राहून गेली! चला!"

"कुठं?"

"परदेशात!"

अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून मोर्शी, एसटीनं. सगळ्या वाटेत ते खिडकीतून पाट्या वाचत होते आणि मला कोपरानं ढोसत होते. बगीच्यात संत्र्याची तोड चालली होती. बांधावरूनच बायांचा गलका ऐकू येत होता. कोणी कोणाला शिव्या घालत होतं, कोणी हसत होतं, एक म्हातारी कोणाच्या तरी नवऱ्याची नक्कल करत होती. गुरुजी जागच्या जागी थांबले, कान टवकारून. "ऐका! हेच!"

आम्ही झाडाखाली पोचलो आणि सगळं बंद. डोक्यावर पदर आले. कोणी तरी प्लास्टिकची खुर्ची आणून टेकवली. सुभद्रा वयनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, भाऊ गेल्यापासून बगीचा तीच पाहते, ती गडूभर पाणी घेऊन आली.

"या गुरुजी. बसावं. प्रवास सुखाचा झाला काय?"

गुरुजींचा हात सवयीनं वर झाला. "असू द्या, असू द्या." पिशवीतून तांब्याची बाटली निघाली, दोन घोट घेतले, बाटली परत गेली.

"बरं गुरुजी," म्हणून वयनीनं गडू नेऊन चौथऱ्यावर ठेवला.

मग गुरुजींनी विचारायला सुरुवात केली. तोड कशी चालते? "चांगली चालते गुरुजी." थकायला होतं का? "देवाच्या दयेनं ठीक आहे गुरुजी." लांबच्या रांगेत हसू फुटलं की हे खुर्ची उचलून तिकडे जात, आणि हे पोचले की तिकडे शांत. त्यांनी सोडलेल्या जागी मागं पुन्हा गलका. असं बगीचाभर चाललं. शेवटी थकून पहिल्या झाडाखाली येऊन बसले. मला जवळ बोलावलं.

"किसनभाऊ, हे मी ओळखतो," हळू आवाजात म्हणाले, पण डोळे चमकत होते. "खेळात असंच होतं. गावातला प्रत्येक माणूस तेच ते बोलतो. गोड बोलतो, पण पुढचं काही सांगत नाही. म्हणजे काय, तर आपण एक गोष्ट करायची विसरलेलो असतो. ती केल्याशिवाय दार उघडत नाही. काय राहिलं?"

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. ती सांगून करून घ्यायची गोष्ट नव्हती.

मग गुरुजी पडदा पाहावा तसं सगळीकडे पाहू लागले. एकेक वस्तू. झाडं. संत्री भरायची कॅरेटं आणि पोती. शिडी. बायांचे हात. चौथऱ्यावरचा गडू, अजून भरलेला. तिथं नजर थांबली. मग ती खाली त्यांच्या पिशवीवर आली. पुष्कळ वेळ ते पिशवीकडेच पाहत होते.

"सुभद्राबाई," त्यांनी हाक मारली. "पाणी मिळेल का?"

वयनीनं माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्याच्या झाडाकडे पाहिलं.

"तुमच्यापाशी हाय ना गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजींनी बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि सगळी बाटली झाडाच्या आळ्यात उपडी केली. "संपलं."

रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "पोटाला काही झालेलं नाही. वडलांनी लावलेली सवय आहे. मी पोटाचं नाव सांगत आलो." हे बोलताना ते वयनीकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

वयनीनं गडू दिला. गुरुजींनी तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला तेव्हा त्यात थेंब नव्हता. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. वयनी पदर कमरेला खोचत म्हणाली, "बाप्पा! लयच तहानले व्हते तुमी! आमाले वाटे तुमच्या घराण्यात मानसाले तहानच लागत नाई!"

एक बाई फिसकन् हसली. दुसरी हसली. आणि मागून एक म्हातारी ओरडली, "अवं मंग आता तरी सांगा ना कोनी त्याईले! खुर्चीच्या पायाखाली मायं पोतं दबून राह्यलं, मघापासून! संत्रे चेंदले असतीन सारे! गुरुजी हायेत म्हून कोनी बोलेना!"

गुरुजी दचकून उठले. खरंच, मागच्या पायाखाली पोतं. ते हसले, म्हातारी हसली, सगळा बगीचा हसला, आणि मग बोलणं असं सुटलं की त्यांना इकडे वळू की तिकडे वळू झालं. सुना, भाव, व्यापाऱ्याची नक्कल, कोणाच्या जावयाची फजिती. गुरुजी लहान पोरासारखे या रांगेतून त्या रांगेत. आता ते आले तरी कोणी गप्प होईना. एकीनं तर त्यांच्या हातात टोपलं दिलं. "रिकामे काहून उभे हा? धरा."

वयनी मला म्हणाली, "काहो भाऊजी, खेळात मले घालून राह्यले म्हने?" मग गुरुजींकडे वळून, "मंग मले काय बोलाले लावता?"

गुरुजींनी ते वाक्य म्हणून दाखवलं. थकवा, छाया, विश्रांती.

"असं कोन बोलते वो? थकल्या पोरीसंग असं बोललं तं थे अजून थकन!"

"मग तुम्ही काय म्हणाल तिला?"

"काई नाई म्हनत. पानी देतो. थे पेली का मंग इचारतो, कोनाची वं तू?"

"आणि नाही प्यायली तर?"

वयनीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तं मंग बोलतो ना. तुमच्यासंग बोललो तसं."

गुरुजींनी तिथल्या तिथं फोन काढला. एका हातात टोपलं, एका हातात फोन. "मैत्रेयीबाई! सापडलं! तुमचा खेळ इथं अडला होता! ऐका, माझी सगळी वाक्यं ठेवा! एकही फेकू नका! पाणी न पिणाऱ्यासाठी ती बरोबर आहेत!"

मैत्रेयीला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. पोरगी गावात येते. ज्या घरी जाईल तिथं पाणी पुढं येईल. ते सोडून तिनं प्रश्न विचारला, तर सगळं गाव पुस्तकातलं बोलेल, मान राखून, आणि बारव काही सापडणार नाही. पाणी प्यायली, की गावाची खरी जीभ सुटेल.

"पण गुरुजी, म्हणजे प्रत्येक माणसाचं सगळं दोनदा भरावं लागेल. इतका वेळ नाहीये हो."

"बाई, खेळणाऱ्याला कोणी सांगायचं नाही हं! पाटी लावायची नाही की पाणी प्या म्हणून. ज्याला कळलं त्याला कळलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हे असं मी कुठल्याच खेळात पाहिलेलं नाही." आणि मग, "त्या बाईंचा आवाज मिळेल का?"

अमरावतीला आवाज भरायच्या खोलीत वयनीनं सगळ्यांना घाम फोडला. हातात खरा गडू आणि समोर खरी पोरगी असल्याशिवाय बोलणारच नाही म्हणाली. "हवेले कोनी पानी पाजते काय?" शेवटी मैत्रेयी स्वतः समोर उभी राहिली आणि दर वेळी पाणी प्यायली. काचेच्या अलीकडून गुरुजी दोन्ही हात वर करून नाचत होते. त्यांची पिशवी माझ्याकडे धरायला दिलेली होती. हलकी लागली म्हणून चाचपली. बाटली घरीच होती.

खेळ तयार होऊन आला तेव्हा गुरुजींचं जायचं ठरलेलं होतं. गुडघ्यांचं ऑपरेशन, मग मुलाकडेच राहायचं, बेंगळुरूला. सामान बांधून झालं होतं, पडदा तेवढा भिंतीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. मी दुकानात माठात पाणी भरत होतो. रस्त्यावरून आरोळी आली.

"किसनभाऊ! चला! आपल्या गावी आलो!"

रहीमभाईनं विचारलं नाही कोणता मुलूख. नुसता हात वर केला.

मी माठातला गिलास भरून सोबत नेला. का नेला ते विचारू नका. गुरुजींनी तो घेतला, अर्धा प्यायले, खुर्चीच्या हातावर ठेवला. पडद्यावर संत्र्याची झाडं होती, आपल्याकडे असतात तशीच, टेकू लावलेली. पोरगी सावकाश चालत होती, गुरुजींच्या चालीनं. पायवाट, बांध, आणि मग एक घर. घराच्या अंगणात प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची. मागच्या पायाखाली पोतं दबलेलं.

"पाहा!" गुरुजी जवळजवळ ओरडले. "खेळात त्या खुर्चीचं काही काम नाही! काही नाही!"

"कोण पाहणार आहे?" मी म्हणालो.

"आपण!"

पोरगी दारापाशी आली. गुरुजींचा अंगठा बटणावर होता. त्यांनी तो उचलला. खुर्चीवर वाकले, कण्हले, एक चप्पल काढली. परत वाकले, दुसरी काढली. दोन्ही नीट जोडून बाजूला सारल्या. मग बटण दाबून आत गेले.

आतून माझी वयनी आली, हातात गडू. पोरगी पाणी प्यायली.

"कोनाची वं तू?" वयनीनं विचारलं.

पडद्यावर उत्तरं उमटली, त्यांतलं एक निवडायचं होतं. गुरुजींनी एकही निवडलं नाही. अनवाणी पाय फरशीवर टेकवून ते पडद्याकडे पाहत होते, आणि मोठ्यानं म्हणाले, "जुन्या शहरातला, माय. किसनभाऊकडला."